नाताळात एदेन बागेची नाटिका कशी बसवायची, आणि सफरचंद का आणायचं नाही

डिसेंबर उजाडला की आमच्या वसईत येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्याची तयारी सुरू होते आणि धर्मशिक्षणाच्या पोरांचं यंदा काय बसवायचं हा प्रश्न माझ्या गळ्यात येतो. दरवर्षी तेच मेंढपाळ, त्याच डोक्याला बांधलेल्या टॉवेलचा कंटाळा आला म्हणून मी एका वर्षी आदाम आणि एवा घेतलं, म्हणजे देवाने मना केलेलं फळ खाऊन एदेन बागेबाहेर पडलेल्या पहिल्या जोडप्याची गोष्ट, तर सगळ्यांनी वेड्यात काढलं, म्हणे नाताळात हे कुठून आणलंस. पण २४ डिसेंबर हा जुन्या परंपरेत आदाम-एवाचाच दिवस आहे. मध्ययुगात जर्मनीकडे त्या दिवशी नंदनवनाचं नाटक करायचे, स्टेजवर एक हिरवं झाड आणि त्याला सफरचंदं टांगलेली, आपल्या ख्रिसमस ट्रीचं एक मूळ तिथेच आहे असं मानतात. शिवाय ८ डिसेंबरच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हेच वाचन असतं, देव आदामाला हाक मारतो तिथपासूनचं, त्यामुळे गोष्ट पोरांच्या कानावरून नुकतीच गेलेली असते.

पहिलं काम म्हणजे बायबल उघडून उत्पत्ती ह्या पहिल्याच पुस्तकाचा दुसरा आणि तिसरा अध्याय वाचायचा, दहा मिनिटं पण लागत नाहीत. गोष्ट आपल्याला पाठ आहे असं वाटतं म्हणून कोणी वाचत नाही आणि मग स्टेजवर सफरचंद येतं. मुळात फळाचं नावच दिलेलं नाही. लॅटिनमध्ये वाईट आणि सफरचंद हे दोन शब्द जवळजवळ सारखेच, त्यात युरोपातल्या चित्रकारांनी सफरचंद काढून काढून पक्कं केलं, नाहीतर यहुदी पंडितांनी अंजीर म्हटलंय, द्राक्षं म्हटलंय, अगदी गहू पण म्हटलंय. केळ्याला पण हा मान मिळालाय बरं का, लिनियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याचं नाव म्युझा पॅराडिसियाका ठेवलं, म्हणजे नंदनवनातलं. मग काय, पहिल्या वर्षी मी हौसेने राजेळीचा अख्खा लोंगर झाडाला टांगला. प्रयोगाच्या दिवशी त्यात सहा केळी उरली होती, मनाई केलेलं झाड पोरांसमोर ठेवल्यावर दुसरं काय होणार. आता मी जुन्या पेपरचा गोळा करून त्याला चकचकीत कागद गुंडाळते, कशासारखंच दिसत नाही असा, आणि प्रेक्षकांतल्या कोणाला त्याचं नाव सांगता आलं नाही की काम झालं.

झाडं मात्र दोन हवीत. एक बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचं, दुसरं जीवनाचं. हे दुसरं झाड सगळे विसरतात आणि मग त्यांना बागेबाहेर का काढलं हेच कळत नाही, कारण शेवटी देव म्हणतो की आता ह्याने जीवनाच्या झाडाचं पण खाल्लं तर हा कायमचा जगेल, म्हणून बाहेर. आंब्याच्या मोठ्या फांद्या प्रयोगाच्या दिवशी दुपारीच तोडा आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोवा, सकाळी तोडल्या तर संध्याकाळपर्यंत पानं मान टाकतात.

साप. त्याला शिंगं लावू नका, लाल कपडे नकोत. उत्पत्तीत सैतान हा शब्दच नाही, तो जुना साप म्हणजे सैतान हे थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात येतं. आणि तो आधीपासून सरपटत येत नाही, पोटाने चालशील हा तर त्याला नंतर मिळालेला शाप, त्यामुळे सुरुवातीला पोराला ताठ चालू द्या, शाप झाला की धाडकन खाली. आवाज शेजारीण कुंपणावरून चौकशी करते तसा हवा. म्हणजे काय गं, कुठल्याच झाडाचं खायचं नाही असं म्हणाला का देव? देवाने एकच झाड सोडून सगळी दिलेली असतात, आणि हा विचारतो उलटं. आणि एवा पण उत्तर देताना आपल्या पदरचं घालते, हात पण लावायचा नाही म्हणे, जे देव बोललेलाच नसतो. ही दोन वाक्यं पोरांकडून नीट घोटून घ्या. आणि आदामाला ह्यावेळी विंगेत पाठवू नका, तो तिच्या शेजारीच उभा असतो, गप्प!

अजून एक, आदामाने पहिल्या प्रवेशात एवा अशी हाक मारायची नाही. तोवर ती नुसती स्त्री आहे, नाव तो तिला शिक्षा ऐकल्यानंतर ठेवतो. मराठी बायबलमध्ये हव्वा छापलंय, आमच्याकडची म्हातारी माणसं एवा म्हणतात, दोन्ही एकच, मूळ हिब्रूत त्याचा जीवन ह्या शब्दाशी संबंध आहे. आदाम म्हणजे मातीचा, मातीला तिकडे अदामा म्हणतात.

पानांची वस्त्रं अंजिराची असतात, पण तेवढी अंजिराची पानं आणायची कुठून? उंबर त्याच कुळातला, चालतो, पण पानं छोटी पडतात, म्हणून मी फणसाची घेते. माडाच्या झावळीचे हीर घ्या, हिराचे बोटभर तुकडे करून पानावर पान टाचत जा, पोरं फणसाच्या टोप्या करतात तसंच, आणि हा पट्टा टीशर्ट-हाफपॅन्टवरून बांधा.

मग देव येतो. दिवसाच्या गार वेळी असं बायबलमध्ये आहे, मूळ शब्द वाऱ्याचा. आपल्याकडे चार-पाचला समुद्रावरून जो वारा सुटतो तोच डोळ्यासमोर आणा. विंगेत टेबल फॅन लावा, पानं सळसळली पाहिजेत, दोघं झाडामागे दडलेली, आणि मग माइकवरून शांतपणे, तू कुठे आहेस. ओरडून नाही, संध्याकाळ झाली की आई पोरांना हाक मारते तसं. पुढचं उत्तर पोरांना शिकवावं लागत नाही, वर्गात काच फुटल्यावरचा सूर लावायला सांगा फक्त. आदाम म्हणतो तू जी बाई दिलीस ना तिनेच दिलं, म्हणजे एका वाक्यात बायकोवर पण ढकललं आणि देवावर पण. बाई म्हणते साप.

शाप कोणाला ते लक्षात ठेवा: सापाला आणि जमिनीला. माणसांना शाप हा शब्द लागत नाही, त्यांच्या वाट्याला घाम, काटे, बाळंतपणाच्या कळा आणि शेवटी माती, ज्याची आठवण म्हणून आपण उपवासकाळाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेतो. एका मुलीने तालमीत विचारलं, टीचर, नवरा तुझ्यावर सत्ता चालवील हे देवाची ऑर्डर आहे का, मी म्हटलं नाही गं, बिघडल्यावर काय काय होतं त्याची ती यादी आहे. फादरना पण हे उत्तर पटलं.

आता जी जागा सगळे गाळतात ती. बाहेर काढायच्या आधी देव त्यांना कातड्याची वस्त्रं करून देतो आणि स्वतःच त्यांच्या अंगावर चढवतो. हे मी कधीच कापत नाही, वेळ कमी पडला तर सापाची वाक्यं कापेन. आमच्याकडे झाडामागून एका आजोबांचे नुसते दोन हात बाहेर येतात आणि पोरांच्या खांद्यावर गोणपाट टाकून नीट करतात, चेहरा दिसत नाही. त्या वेळी मैदानात कोणी खुर्ची पण सरकवत नाही.

करूब म्हणजे बागेची वाट राखायला देवाने ठेवलेला देवदूत, त्याची तलवार सगळीकडे फिरणारी आणि ज्वालेची. आम्ही एकदा पुठ्ठ्यावर एलईडीची माळ गुंडाळली, करूबाने जोरात गिरकी घेतली, वायर ताणली गेली आणि अख्ख्या स्टेजची लाइट गेली. आता चमकी कागद आणि खालून टॉर्च, बस.

करूब बागेच्या पूर्वेला असतात, तेव्हा दोघांना पूर्वेकडूनच बाहेर काढा. आमच्या गावात पूर्व म्हणजे स्टेशनची बाजू. घाम गाळून भाकर खायची तर स्टेशन गाठावंच लागतं, ह्यावर दरवर्षी हशा होतो, होऊ द्या. पण पोरांना पळत जाऊ देऊ नका, प्रेक्षकांमधल्या वाटेने, सावकाश, मागे न बघता. पडदा लगेच ओढायचा नाही. रिकामी बाग, दोन झाडं, तलवार फिरतेय, मनात वीसपर्यंत मोजा आणि मग गोठ्यावरची लाइट लावा.

आणि गोणपाटं आदल्या दिवशी धुऊन उन्हात टाका, नाहीतर आदाम सगळा वेळ मान खाजवत राहतो.