पीटमधले कार्बन धरणारे सूक्ष्मजीव: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

साताऱ्यात मायक्रोबायोलॉजीचे प्रोजेक्ट सुरू झाले की पहिला नमुना ठरलेला: कासचा चिखल, आणि बाटलीवर लेबल ‘पीट’. कासला पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साचलेला थर, नाही. दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती पाहून मुलं फसतात, कारण या वनस्पतींचे भाऊबंद पीटभूमीतही वाढतात. पण पीट साचायला जमीन बारमाही पाण्याने भरलेली लागते. मेलेल्या वनस्पती पुऱ्या कुजत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. कासच्या सड्यावर पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात जांभा कोरडाठाक पडतो आणि साचलेलं कुजून जातं. खरं पीट नीलगिरीच्या माथ्यावरच्या दलदलींत आहे, काही ठिकाणी 20,000 वर्षांहून जुनं. कासच घ्यायचं असेल तर जांभ्यावरचे सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर कार्बन धरणारे जीवाणू) घ्या, विषय तितकाच मोलाचा आहे. वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि नर्सरीतलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, ते नकोच.

दुसरी चूक खिशाला लागते. एका गटाने खऱ्या पीटमध्ये कार्बन-13 चं (माग काढता येणाऱ्या जड कार्बनचं) बायकार्बोनेट घातलं आणि नळ्यांना कापसाचे बोळे लावले. स्थिरीकरण, म्हणजे जीवाणूंनी पेशीत धरलेला कार्बन, जवळपास शून्य आलं. ‘जीवाणू मेलेत’ म्हणत पोरं नवा नमुना मागवायला निघाली. मी आधी सामू (pH) मोजायला लावला: 4.3. एवढ्या आम्लात बायकार्बोनेट टिकत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो कापसातून निघून जातो. जीवाणूंच्या वाट्याला फारसं काही आलंच नव्हतं! मी रबरी बूच आणि ॲल्युमिनियमचं सील असलेली सिरम बाटलीच वापरते, द्रावण सुईने आत सोडते. चुना घालून सामू वाढवायचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. त्याने आम्लात जगणाऱ्यांची वस्तीच बदलते.

प्रत्येक बाटलीला तुलनेसाठी फॉइलमध्ये गुंडाळलेली, अंधारातली एक जोडीदार हवी. अंधारात थोडा कार्बन धरला गेला की लगेच ‘केमोऑटोट्रॉफ (प्रकाशाऐवजी रसायनांच्या ऊर्जेवर कार्बन धरणारे) सापडले’ असं लिहू नका, सेंद्रिय अन्नावर जगणारे जीवाणूही थोडा कार्बन डायऑक्साइड पेशीत घेतात. तुलनेला ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाच्या वाफेने सगळे जीव मारलेली) बाटली नसेल तर मी निकाल वाचायलाच घेत नाही.

सीबीबीएल हा रुबिस्कोचा, म्हणजे कार्बन धरणाऱ्या एन्झाइमचा, जीन. तो मिळाला म्हणजे रुबिस्को चालू आहे असं नाही.

डीएनए तपकिरी दिसला तर ते ह्युमिक आम्ल, त्याने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) अडतो. सायकल वाढवत बसू नका, डीएनए दहापट पातळ करून पाहा.

नमुना गाडीच्या डिकीत टाकून घाट उतरू नका. बाटली तोंडापर्यंत भरा, आत हवा ठेवू नका, आणि थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर आणा.