एअर सिलिंडरच्या हाताचं टायमिंग कसं लावावं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात घडी उचलून थप्पीवर ठेवणारा यांत्रिक हात बसवायचा, तर सर्वो मोटरचा खर्च सहसा लागत नाही. डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर (हवेने दोन्ही बाजूंना सरकणारा), 24 व्होल्टचे 5/2 सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाच तोंडं आणि दोन जागा असलेले, विजेवर हवेची वाट बदलणारे) आणि छोटा पीएलसी (मशीनचा क्रम चालवणारा कंट्रोलर) एवढ्यावर भागतं.

आधी रेग्युलेटरवर दाब 5 बारला ठेवा. 32 मिमी बोअरचा सिलिंडर तेवढ्यावर साधारण 40 किलोचा रेटा देतो, म्हणून मशीनमध्ये आपला हात घालण्याआधी मेन कॉक बंद करून हवा सोडून द्या.

मग वेग. तो टायमरने लागत नाही, फ्लो कंट्रोलने, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूने लागतो, आणि तोही बाहेर पडणाऱ्या हवेवर. आत जाणारी हवा आवळली तर हात झटके देत चालतो. स्क्रू पूर्ण आवळा आणि पाव-पाव फेरा सोडत जा.

आता टायमिंग. करंट मिळाला की स्पूल (व्हॉल्व्हच्या आतला सरकता दांडा) काही मिलिसेकंदांत सरकतो, पण नळी भरून दाब चढायला त्याहून वेळ जातो. म्हणून व्हॉल्व्ह सिलिंडरजवळच बसवा. क्रम असा: हात खाली, ग्रिपर (घडी पकडणारा पंजा) बंद, 200 मिलिसेकंद थांबा, हात वर, बाजूला, खाली, ग्रिपर उघडा. हात टोकाला पोचला हे रीड स्विचने (सिलिंडरवर बसणारा, आतल्या पिस्टनच्या चुंबकाने लागणारा स्विच) कळू द्या. टायमर फक्त ग्रिपरच्या पकडीपुरता. दोन सेकंदांत स्विच लागला नाही तर मशीन थांबून भोंगा वाजला पाहिजे.

ग्रिपरला दोन कॉइलचा व्हॉल्व्ह घ्या. स्प्रिंगचा असेल तर लाइट गेल्यावर तो मूळ जागी येतो आणि पकड सुटू शकते.

हात मधेच थांबवायला 5/3 क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्हला (मधल्या जागी हवेच्या सगळ्या वाटा बंद करणारा) छोटे पल्स देता येतात, पण हवा दाबली जाते, त्यामुळे वजन बदललं की थांबायची जागाही बदलते. माझं मत विचाराल तर तिथं सरळ लोखंडी स्टॉपर लावा.

आपल्याकडचा खरा त्रास सुताच्या तुसाचा. सायलेन्सरवर (व्हॉल्व्हच्या हवा सोडणाऱ्या तोंडावरची आवाज कमी करणारी जाळी) करड्या लोकरीसारखा थर बसतो, एक्झॉस्ट कोंडतो, हात सुस्तावतो, आणि ऑपरेटर पीएलसीतले आकडे बदलत बसतो. आधी सायलेन्सर काढून उलट्या बाजूने हवा मारा. टायमिंग तपासायचं तेही कॉम्प्रेसरवरची सगळी मशीनं चालू असताना. रविवारी रिकाम्या शेडमध्ये लावलेलं टायमिंग सोमवारी दाब उतरला की चुकतं.