पैऱ्यानं शिवायची वाकळ

पुण्या-मुंबईकडं गोधडी म्हणतात, निपाणी-चिकोडी ओलांडली की कौदी होते, कोल्हापुरात मात्र वाकळच. एकटीनं शिवायची म्हटली तर पाच बाय सात फुटी वाकळेला पंचवीसएक तास हात चालवावा लागतो. चौघी बसल्या तर दोन-तीन दुपारींत उरकते. म्हणून शेतात जसा पैरा करतात, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, तसाच वाकळेलाही करावा. हात चार झाले की कामाची रीत थोडी बदलते, तीही इथं सांगितली आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. वाकळ टाका वाकडा पडल्यानं बिघडत नाही, ती अंथरताना आणि टाचतानाच बिघडते. त्यामुळं पहिली दुपार सगळी तयारीत गेली तरी कुरकुर करू नका.

कापड

लागतात तीन सुती सहावारी साड्या, निदान वर्षभर नेसून धुतलेल्या. वापरलेलं सूत जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. कोऱ्या कापडाचं तसं नसतं. आत जुनी लुगडी आणि वर कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरहून आणलेला कोरा तागा लावला, तर पहिल्या धुण्याला वरचं आटतं, आतलं तसंच राहतं आणि सगळ्या वाकळेला सुरकुत्या पडतात. कोरं घ्यायचंच असेल, मग ते इचलकरंजीचं पॉपलीन असो की मांजरपाट, तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री मारून मगच कापा. गडद लाल, जांभळा, हिरवा रंग असेल तर ओला पांढरा फडका त्यावर जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वाकळेत नको.

सुती म्हणून मिळालेलं सगळं सुती नसतं. ओटीत आलेले निम्मेअधिक ब्लाउजपीस पॉलिस्टरचे निघतात. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला टणक मणी राहतो. पॉलिस्टर आतल्या थरात घातलं तर सुईखाली सरकतं आणि अंगावर घेतल्यावर घाम शोषत नाही. इरकल असेल तर अंग सुती आहे का ते बघा आणि रेशमी पदर कापून वेगळा ठेवा.

आता हिशेब. सहा वार म्हणजे २१६ इंच. पदराकडचे ३० इंच बाजूला काढले की १८६ उरतात, त्यांचे ६२ इंचांचे तीन तुकडे. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे प्रत्येक तुकडा ६२ बाय ४५. तीन साड्यांचे नऊ तुकडे झाले. दोन-दोन तुकडे ४५ इंची कडेला कडा न जोडता ६२ इंची कडेला जोडायचे, अर्धा इंच शिलाई सोडून. ६२ बाय ८९ चा एक थर होतो. आठ तुकड्यांचे चार थर, नववा गोट (कडेनं फिरणारी पट्टी) आणि ठिगळांसाठी. ही जोड मशीनवर मारली तरी चालते. काठ जाड विणीचा असेल तर जोडण्याआधी कापून टाका, नाहीतर मधोमध दोरखंडासारखी रेघ येते आणि निजणाऱ्याच्या पाठीला टोचते.

चारही थरांची जोड एकाच जागी आली तर तिथं आठ पदर साचतात आणि सुई अडते. म्हणून अंथरताना एक थर दोन इंच वर सरकवा, पुढचा दोन इंच खाली. जोडाच्या रेघा चार इंचांनी चुकतात. दोन्ही टोकांचं जास्तीचं कापलं की लांबी ८५ इंच राहते. शिवून झाल्यावर टाक्यांनी ओढून अंदाजे ६० बाय ८२ ची वाकळ हातात येते.

दोरा आणि सुई

१० नंबरचा सुती दोरा एकेरी वापरायचा. ओळी बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतरावर घातल्या तर गाठी आणि वाया जाणारे शेंडे धरून अडीचशे मीटर लागतो. अर्ध्या इंचावर घातल्या तर पावणेचारशे. सगळा दोरा एकदमच आणा. पांढरा म्हणून नंतर आणलेलं रीळ पिवळट निघतं आणि पहिल्या धुण्यानंतर ते लांबूनही ओळखू येतं. पॉलिस्टरचा दोरा भक्कम असतो खरा, पण जुन्या मऊ सुताला तो करवतीसारखा कापतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटलं तर ठिगळ लावावं लागतं.

सुई दोन-अडीच इंची, बारीक अंगाची, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत. सुईत दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्यानं वेळ वाचेल असं वाटतं, पण तो पिळतो, गुंततो आणि शेवटच्या हातभरात झिजून तुटतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर बरं. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. चार थरांतून सुई ढकलताना पहिल्या तासातच त्याची किंमत कळते.

अंथरणं आणि टाचणं

जागा सोप्यातली, उजेडाची. सतरंजीवर वाकळ अंथरू नका. कापड सरकत नाही म्हणून मोह होतो, पण टाचताना सतरंजीही वाकळेला शिवली जाते आणि ते कळतं उचलताना. शहाबादी फरशी उत्तम. गुळगुळीत टाइल असेल तर कोपऱ्यांवर पाट किंवा भरलेले तांबे ठेवा.

सगळ्यात खालचा थर उलटा अंथरा. चौघींनी चार कोपरे धरायचे, ताणायचं नाही, नुसतं सरळ करायचं. कापड ताणून अंथरलं की दोरा घालून झाल्यावर ते आक्रसतं आणि त्यावरचे थर फुगतात. हाताच्या कडेनं मधून बाहेर सुरकुत्या काढा. मग दुसरा थर, पुन्हा तसंच. सगळ्यात वरचा थर सुलटा. ठिगळं लावायची असतील तर ती या थरावर आधीच शिवून ठेवलेली बरी. ठिगळाची कड पाव इंच आत मुडपा. कोपऱ्याला त्रिकोणी ठिगळ दोन-तीन पदरांचं लावा, कारण वाकळ सगळ्यात आधी कोपऱ्यातच झिजते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या वाकळेच्या, कोपऱ्यांना अशीच घडीची ठिगळं लावतात, त्यांना फुलं म्हणतात. त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

आता टाचणं. वेगळ्या रंगाचा कच्चा दोरा घ्या, तीन-तीन इंचांचे लांब टाके. सुरुवात बरोबर मध्यातून आणि तिथून कडेकडे. वीत-वीत अंतरावर आडव्या ओळी, मग उभ्या. हे काम टाळलं तर काय होतं ते बघा. वाकळ शिवतात कडेकडून आत. प्रत्येक फेरीला वरचा थर थोडा-थोडा पुढं ढकलला जातो. सगळा जास्तीचा पदर शेवटी मधे गोळा होतो आणि पोळीसारखा फुगा येतो. तो दाबून शिवला तर चुणी पडते, कापून शिवला तर ठिगळ लागतं. टाचलेल्या वाकळेत ते ढकलणं वीतभरातच अडतं.

टाचून झालं की कडा सरळ कापा आणि गोट लावा. नवव्या तुकड्यातून तीन इंच रुंदीच्या, ६२ इंच लांबीच्या पाच पट्ट्या काढा. जोडून तीनशे इंचांच्या वर भरतात, आपला घेर २९४. गोट ओढून लावला तर वाकळ वाटीसारखी वर उचलते, सैल लावला तर झालर पडते. कापडाच्या बरोबरीनं लावा.

चौघींचा टाका

पहिली फेरी गोटाला लागून, मग त्याच्या आत पाऊण इंचावर दुसरी, अशी चौकोनात चौकोन. टाका वरून आंबेमोहराच्या दाण्याएवढा, खालून त्याहून थोडा आखूड. सुईवर तीन-चार टाके घेऊन एकदम ओढा. दोऱ्याची गाठ वर ठेवू नका. इंचभर लांबून सुई घाला, हलका झटका दिला की गाठ वरच्या थरातून आत जाते.

प्रत्येकीचा हात वेगळा असतो. एकीचा दोरा घट्ट, एकीचा ढिला. चौघी आपापली बाजू धरून शेवटपर्यंत बसल्या तर घट्ट हाताची बाजू तीन-चार इंच आखूड होते आणि वाकळ तिरपी. उपाय सोपा आहे. प्रत्येक फेरीनंतर जागा बदला, सगळ्या उजवीकडं एक बाजू सरका. आणि चौघींची फेरी पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही. पुढं पळालेली बाई शेजारणीच्या कोपऱ्यात सगळा ढिला पदर ढकलून मोकळी होते.

बसण्याआधी चिंधीवर सगळ्यांनी वीतभर ओळ घालून शेजारी-शेजारी ठेवा. कुणी काही बोलायची गरज पडत नाही, ज्याचं त्याला दिसतं. लांब टाकेवालीला पहिल्या दोन फेऱ्या देऊ नका. कडेवर ओढ जास्त असते, पायाचं बोट अडकलं की लांब टाका तुटतो. तिला ठिगळ लावायला, दोरे ओवायला द्या, मधल्या फेऱ्या द्या.

चुणी दिसली की लगेच सांगावं. "आक्का, दोरा लई वडालायसा, जरा ढिल्ला सोडा की" एवढं पुरतं. पुढच्या दोन फेऱ्या घातल्यावर सांगितलं तर तिन्ही फेऱ्या उसवाव्या लागतात. पण ती उठून चहाला गेल्यावर तिची ओळ मागं उसवायची, हे मात्र करू नका. तिला कळतंच, आणि पुढच्या वाकळेला ती येत नाही. ज्या घरची वाकळ, तिनंच उसवायचं की ठेवायचं ते ठरवायचं. पाव इंच वाकडी ओळ धुतल्यावर कुणाला दिसत नाही.

खर्चाचंही आधीच बोलून घ्या. कापड, दोरा, चहा-पोहे ज्या घरची वाकळ त्या घरचे. सुई आणि अंगुस्तान प्रत्येकीनं आपलं आणायचं. पाळी चिठ्ठी टाकून ठरवा. अपवाद एकच, ज्या घरी बाळंतपण आहे तिथलं दुपटं आधी. दुपटं ३६ बाय ३६ इंच, जुन्या धोतराचे दोन किंवा तीन थर, ओळी इंचभर अंतरावर. वर टिकली, मणी, बटण काही नको. चार थरांची मोठी वाकळ घरच्या मशीनवर शिवू नये, गुंडाळी मशीनच्या मानेखाली मावत नाही आणि दाबपट्टी वरचा थर पुढं ढकलते. दुपट्याला मात्र १६ नंबरची सुई आणि सगळ्यात लांब टाका लावून मशीन चालतं.

आणि सुया मोजा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. बसताना ताटलीत सात सुया असतील तर उठताना सातच पाहिजेत. एक जरी कमी भरली तर कुणीही घरी जायचं नाही, वाकळ उचलून झटकायचीही नाही. झटकली की सुई आत खोल जाते. लोहचुंबक सावकाश फिरवा, मग तळहात न टेकवता कडेकडून घडी करत चाचपा. तुटलेली सुई असेल तर दोन्ही तुकडे मिळाले पाहिजेत.

मधे शेवटचा हातभर चौकोन राहिला की चौघी बसू शकत नाहीत. तो एकीनं पुरा करावा, बाकीच्यांनी कच्चे दोरे काढावेत.

धुणं, वाळवणं

पहिलं धुणं साध्या पाण्यात, सोड्याशिवाय. नंतर घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं धुतात तेव्हा. कोल्हापूरच्या पावसात वाकळ धुवायला काढू नका. चार थर बाहेरून वाळल्यासारखे वाटतात, आत ओल राहते आणि काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. बडवायची असेल तर ठिगळांच्या कडा सोडून. पिळू नका, उभी करून पाणी निथळू द्या. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका, ओल्या वाकळेचं सगळं वजन एका रेघेवर येऊन तिथले टाके तटातट तुटतात. गच्चीच्या कठड्यावर किंवा दोन-तीन दोऱ्यांवर पसरून घाला, दुपारी उलटा. पेटीत ठेवताना पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून घडीत ठेवा आणि पुढच्या वेळी घडी वेगळ्या जागी मोडा.

सात-आठ वर्षांनी वरचं कापड विरतं. तेव्हा वाकळ उसवू नका. वर एक जुनी साडी अंथरून, पुन्हा टाचून, जुन्या ओळींच्या मधोमध नव्या ओळी घाला. असं दोनदा करता येतं. तिसऱ्या वेळी सुई जात नाही.