पुण्यात शिकायला आलात ना, मग हे करा आणि गावाकडच्या एकाला तरी मागोमाग आणा

गावाकडून पुणे विद्यापीठात आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, मी पण तसाच आलो होतो, घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचं कार्ड काढून घ्या, परीक्षा जवळ आल्यावर नको, कारण एकदा तिथे बसायची सवय लागली की रूमवर दिवसभर लोळणं आपोआप बंद होतं आणि शेजारी बसणाऱ्यांकडूनच निम्मी माहिती मिळते, कुठला फॉर्म सुटलाय, कोणते सर चांगलं समजावतात वगैरे. सरांना लेक्चर झाल्यावर गाठायचं. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारायचं, माझ्या अनुभवात कुणी हाकलत नाही, आपणच उगाच घाबरून मागच्या बाकावर बसतो.

पैशाचं म्हणाल तर विद्यार्थी विकास मंडळात जाऊन कमवा व शिका योजनेची चौकशी करा. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानेच आहे, त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना काम करत शिकवलं, त्यामुळे बागेत किंवा ऑफिसात दोन-तीन तास काम करण्यात लाज कसली. हॉस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणाला पैसे देणाऱ्या सरकारी योजना आहेत, एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे, ओपन आणि ओबीसीतल्यांनी पण आपल्यासाठी काय आहे ते महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, बघा. हप्ते उशिरा येतात हे धरूनच चाला, आणि बँक खातं आधारला लिंक आहे का ते आधी तपासा, नाहीतर मंजूर झालेले पैसे पण अडकतात.

आता खरं महत्त्वाचं. गावाकडची पोरं मार्कांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त मागे राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गल्लीतली एक पोरगी, बारावीला चांगले मार्क, पण जात पडताळणीचा, म्हणजे आरक्षणासाठी जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याचा, विषय कुणी तिच्या घरी काढलाच नव्हता. ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा आजोबांचा शाळेचा उतारा. मी दिवाळीच्या सुट्टीत तिच्या वडिलांबरोबर जुन्या शाळेत गेलो, गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढलं, पानं हात लावला की तुटत होती, शाई पार तपकिरी झालेली, आणि दोन तास शोधल्यावर तिच्या आजोबांचं नाव सापडलं पण आडनावाच्या जागी नुसता व्यवसाय लिहिलेला. मग अफिडेव्हिट, वंशावळ, परत तालुका. तिला एका ऑफिसात तीनदा वेगवेगळी कागदं आणायला सांगितली, तरी दिवाळीलाच सुरुवात केल्यामुळे अॅडमिशनच्या आधी व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, हातात आली. हेच जूनमध्ये काढलं असतं तर वर्ष गेलं असतं तिचं.

म्हणून सुट्टीला गेलात की अकरावी-बारावीच्या एका तरी पोराला घेऊन बसा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयरची (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) तारीख ३१ मार्चला संपतेय का, सगळ्या कागदांवर नाव सारखंच आहे का, एकेक बघा. मुलींच्या घरी जरूर जा, कारण २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे आणि हे त्यांच्या आईवडिलांना माहीतच नसतं. काका-काकूंसमोर बसून सांगितलं की त्यांची भीती कमी होते, फोनवर सांगून होत नाही ते.

आणि तो किंवा ती पहिल्यांदा येईल तेव्हा वाकडेवाडीला एसटीवर घ्यायला जा. पहिल्या दिवशी मेसचं जेवण तुमच्या डब्यातलं द्या, दुसऱ्या दिवशी जयकरला सोबत न्या, कार्डाचा फॉर्म त्यांनाच भरू द्या.