उंचीवर डोळ्यांचा दाब आणि रक्तपुरवठा : या चुका टाळा

बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की डोळ्याच्या आतला दाब आपोआप वाढत असणार, ही समजूत फार पसरलेली आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलीमीटर पारा असतो आणि साधारण ५,५०० मीटर उंचीवर तो जवळपास निम्म्यावर येतो. निरोगी डोळ्यातला दाब मात्र तिथेही बहुधा १० ते २१ मिलीमीटरच्या नेहमीच्या मर्यादेतच राहतो, कारण हा आकडा मुळात बाहेरच्या दाबापेक्षा आतला दाब किती जास्त आहे एवढेच सांगतो. शिवाय डोळा द्रवाने भरलेला आहे आणि द्रव हवेसारखा फुगत नाही. उंचीवर केलेल्या मोजमापांत काही वेळा दाब किंचित वाढलेला, तर काही वेळा उतरलेला आढळतो, पण हा फरक सहसा लहान असतो. खरा ताण पडतो तो ऑक्सिजनचा आणि तो पोहोचवणाऱ्या रक्तप्रवाहाचा. त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याची मला काळजी वाटते.

दाबाच्या एका आकड्यावर विसंबणे

कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, आपला बराचसा ऑक्सिजन थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. विरळ हवेत तो ऑक्सिजन तुटपुंजा पडतो आणि कॉर्निया किंचित सुजून जाड होतो. दाब मोजणारे नेहमीचे यंत्र कॉर्निया दाबून मोजमाप घेते, त्यामुळे जाड कॉर्नियावर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. चढून आल्याआल्या, श्वास रोखून किंवा गळ्याशी घट्ट कॉलर असताना घेतलेले मोजमापही असेच फसवते. त्यामुळे एका आकड्यावरून औषध सुरू करणे किंवा वाढवणे चुकीचे आहे. थोडी विश्रांती घेऊन, शांत बसून पुन्हा मोजावे आणि कॉर्नियाची जाडी लक्षात घेऊनच निष्कर्ष काढावा.

रक्तप्रवाहातला बदल न ओळखणे

वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतींमध्ये दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याची, गणना होते. उंचीवर त्याच्या रक्तवाहिन्या दोन विरुद्ध ओढींमध्ये सापडतात. ऑक्सिजन कमी पडला की त्या रुंदावतात; पण त्याच वेळी श्वास जलद झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे त्या आकसू पाहतात. बहुतेक वेळा पहिली ओढ वरचढ ठरते आणि दृष्टिपटलातला रक्तप्रवाह वाढतो. अशा वेळी डोळ्याच्या आत पाहिले, तर एरवी बारीक आणि सरळ दिसणाऱ्या वाहिन्या जाड, गडद आणि नागमोडी झालेल्या दिसतात, आणि काहींच्या कडेला ज्योतीच्या आकाराचे लाल ओघळ, म्हणजे रक्तस्राव, आढळतात.

हे रक्तस्राव दुखत नाहीत आणि दृष्टीच्या मध्यबिंदूपासून दूर असतील तर जाणवतही नाहीत. म्हणूनच ‘मला नीट दिसते आहे, म्हणजे डोळे ठीक आहेत’ हा निष्कर्ष कच्चा ठरतो. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातला डाग दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यासाठी रोज सकाळी एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने छापील मजकुराची एक ओळ वाचावी, मग डोळा बदलावा. मधली अक्षरे करडी, वाकडी किंवा गायब दिसली, तर त्या दिवशी वर चढू नये. उलट खाली उतरावे. क्षणभर अंधारी येणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे यांसोबत डोकेदुखी, उलट्या किंवा तोल जाणे असेल, तर तो केवळ डोळ्यांचा प्रश्न राहत नाही. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी उतरण्याला पर्याय नसतो. डोकेदुखीची गोळी घेऊन रात्र काढणे, आणि तीही त्याच उंचीवर, ही मोठी चूक आहे, कारण झोपेत रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम डोळ्यांसाठीही तितकाच उपयोगी आहे. जोरात खोकणे आणि श्वास रोखून ओझे उचलणे यांनी शिरांमधला दाब एकदम वाढतो, म्हणून खोकल्यावर वेळीच उपचार करावेत.

काचबिंदूची औषधे मनाने बदलणे

काचबिंदू असलेल्यांच्या बाबतीत रक्तपुरवठ्याचे गणित आधीच तंग असते. डोळ्याच्या नसेला, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला, रक्त पोहोचवणारा जोर हा ढोबळमानाने रक्तदाब आणि डोळ्याचा दाब यांमधला फरक असतो; म्हणजे डोळ्याचा दाब चढला किंवा रक्तदाब फार उतरला, तरी नसेची उपासमार होते. त्यात रक्तातच ऑक्सिजन कमी असेल, तर नसेला सोसायला फारशी जागा उरत नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड डोळ्याचा दाबही कमी करते, म्हणून काही जण त्या दिवसांत काचबिंदूचे थेंब बंद करतात. असे करू नये. थेंब नेहमीच्या वेळीच घालावेत आणि दोन्ही औषधे एकत्र घेण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तेही सांगावे. ही गोळी घेतल्यावर अचानक लांबचे धूसर दिसू लागले, डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर गोळी थांबवून तातडीने तपासणी करून घ्यावी. क्वचित या औषधानेच डोळ्यातला द्रव बाहेर जाण्याचा कोन बंद होतो. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब रक्तात मिसळून हृदयाची गती मंदावतात, हेही चढाईआधी लक्षात घ्यावे. उंचीच्या त्रासावर कधीकधी दिले जाणारे स्टेरॉइड फार दिवस चालू राहिले तर काहींचा डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून त्याची मुदत ठरलेली असावी. आणि एक साधी गोष्ट : थेंबांची बाटली पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गोठते, ती अंगालगतच्या खिशात ठेवावी.

डोळ्यात वायू असताना वर जाणे

या लेखातली ही एकच चूक काही तासांत कायमचे अंधत्व देऊ शकते. सरकलेले दृष्टिपटल जागेवर बसवण्याच्या शस्त्रक्रियेत कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. द्रव फुगत नाही, पण वायू फुगतो : बाहेरचा दाब घटला की बुडबुडा पसरू लागतो, बंद डोळ्यात त्याला जागा नसते, दाब झपाट्याने चढतो आणि दृष्टिपटलाची मुख्य धमनी दबून रक्तप्रवाह थांबू शकतो. विमानाच्या केबिनमधला दाबही साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका असतो, त्यामुळे विमानप्रवास सुरक्षित आणि घाटरस्ता तेवढा धोक्याचा, असा भेद करता येत नाही. यासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूंपैकी सल्फर हेक्झाफ्लोराइडचा बुडबुडा साधारण दोन आठवडे, तर परफ्लुरोप्रोपेनचा सहा ते आठ आठवडे टिकतो. रुग्णाला तो नजरेच्या खालच्या भागात, हलताना डचमळणाऱ्या रेषेसारखा दिसतो. ती रेषा पूर्ण नाहीशी झाली आणि डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले, तरच प्रवास करावा. प्रवासात डोळा दुखू लागला किंवा दिसेनासे झाले, तर लगेच खालच्या उंचीवर यावे आणि नेत्ररुग्णालय गाठावे. वायूऐवजी सिलिकॉन तेल भरले असेल, तर ते असे फुगत नाही. म्हणून आपल्या डोळ्यात नेमके काय भरले आहे, हे शस्त्रक्रियेच्या कागदावरून जाणून घ्यावे.

जुनी चष्म्याची शस्त्रक्रिया न सांगणे

लेसर येण्यापूर्वी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेत असत. असा कॉर्निया उंचीवर सुजला की छेदांजवळ फुगतो आणि मध्यभागी चपटा होतो, त्यामुळे दिसणे बिघडते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टच्या चढाईवर असलेले डॉक्टर बेक वेदर्स यांची दृष्टी नेमकी याच कारणाने गेली; त्यांना वाटेतच थांबावे लागले आणि पुढे ते वादळात सापडले. हा बदल बहुधा लगेच न होता उंचीवर एक-दोन दिवस काढल्यावर जाणवतो आणि उतरल्यावर ओसरतो. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वेगवेगळ्या अधिक नंबरांचे दोन-तीन चष्मे सोबत ठेवावेत आणि सहकाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

उतरून आल्यावर दिसणे पूर्ववत झाले, तरी वर असताना डाग, धूसरपणा किंवा दुहेरी दिसणे जाणवले असेल, तर बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. रक्तस्राव बहुधा काही आठवड्यांत शोषला जातो, पण मध्यबिंदूवरचा डाग मागे खूण ठेवू शकतो, आणि पुढच्या चढाईची तारीख त्या तपासणीनंतरच ठरवावी.