ऊन आणि वारा मोजायला शिकवताना: गोव्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

सौरऊर्जेचा पहिला तास बहुधा एकाच जागी फसतो. पॅनेलला मल्टिमीटर जोडलेला असतो, बटण व्होल्टवर असतं, मुलं पॅनेल इकडेतिकडे वाकडं करून बघतात आणि आकडा सहाच्या आसपास जवळपास तसाच राहतो. मुलं सरळ निष्कर्ष काढतात की पॅनेल कसंही ठेवा, काही बिघडत नाही. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण आपण त्यांना चुकीची गोष्ट मोजायला दिली. पॅनेलमधला सिलिकॉनचा एक सेल साधारण ०.५ ते ०.६ व्होल्ट देतो आणि ऊन थोडं उतरलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. उन्हाच्या प्रमाणात कमीजास्त होतो तो करंट. म्हणून या कामात येणाऱ्याने भाषणाची तयारी मागे ठेवून आधी मीटर नीट हाताळायला शिकावं.

पाच मुलांमागे एक संच पुरतो: ६ व्होल्ट १ वॅटचं छोटं पॅनेल, साधा डिजिटल मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिपच्या दोन वायरी, कोनमापक आणि एक खिळा. करंट मोजताना मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि बटणही त्याच रेंजवर ठेवा. २०० मिलिअँपिअरच्या रेंजला हे पॅनेल कडक उन्हात मर्यादेच्या अगदी जवळ जातं. त्या दिवशी टेबलावर सुटी बॅटरी ठेवूच नका. करंटवर लावलेला मीटर कुणीतरी बॅटरीला जोडणार, आणि तो थेट शॉर्टसर्किट असतो.

आता खिळा पॅनेलच्या कडेला काटकोनात चिकटवा. त्याची सावली नाहीशी झाली की ऊन पॅनेलवर सरळ पडतंय असं समजा. समजा तेव्हा मीटर ०.१६ अँपिअर दाखवतो. पुढे जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून अंदाज वहीत लिहून घ्या: पॅनेल ३० अंश कललं तर किती? बहुतेकांना मोठी घट अपेक्षित असते, पण येतात ०.१४. मग ६० अंशांना एकदम ०.०८ च्या आसपास, म्हणजे निम्मं. आकडा थोडा वरच राहतो, कारण आकाशातून पसरून येणारा उजेडही पॅनेलला मिळतो. अंदाज आधी लिहिलेला नसेल तर या प्रयोगातून काहीच हाती लागत नाही. आकडा दिसल्यावर सगळेच म्हणतात, 'मला माहीत होतं.'

सावलीचा प्रयोग त्याच उन्हात उरकून घ्या. पॅनेलवरची एकच पट्टी, म्हणजे एक सेल, पुठ्ठ्याने पूर्ण झाका. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने करंट एका पट्टीपुरता उतरत नाही, सगळाच कोसळतो. छतावरच्या पॅनेलवर माडाची झावळी आडवी आली तर काय होईल, हे मग मुलंच सांगतात.

पॅनेल उष्णतेवर चालतं, हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. सांगून तो जात नाही. पॅनेल दहा मिनिटं उन्हात तापू द्या, हाताला चटका जाणवला की वर जाड काळं कापड टाका. पॅनेल गरमच आहे आणि मीटर शून्याकडे गेलाय. शिवाय थंड असताना आणि तापल्यावर व्होल्टेज मोजून ठेवा. तापल्यावर ते उतरलेलं दिसेल.

वेळ जपून निवडा. गोव्यात सूर्य माथ्यावर बारा वाजता येत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे इथली खरी दुपार ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण यांच्या दरम्यान होते. पॅनेल दक्षिणेकडे साधारण १५ अंश कलतं ठेवावं हे ठीक, पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये ऊन मिळालंच तर काठीची दुपारची सावली दक्षिणेला पडलेली दाखवा. 'सूर्य दक्षिणेलाच असतो' असं पाठ केलेल्या मुलांना ती सावली विचार करायला लावते.

पावसाळ्यात मात्र उन्हाच्या भरवशावर राहू नका. जून ते सप्टेंबर वाऱ्याचे प्रयोग टेबल फॅनसमोर करा. छोट्या मोटरच्या दांड्यावर बूच बसवून त्यात पुठ्ठ्याची पाती खोचा; वाऱ्याने हा पंखा फिरला की मोटर वीज देते. इथे हमखास होणारी निराशा म्हणजे एलईडी लागत नाही. खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनवलेली असते. फॅनसमोर पुठ्ठ्याची पाती तिला हजारभर फेऱ्या देतात, त्यातून निघतात ०.३ व्होल्टच्या आसपास. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. त्यामुळे आधी मीटरच लावा. एलईडी पेटवायचाच असेल तर १२ किंवा २४ व्होल्टची, हळू फिरणारी मोटर घ्या. वीज येऊनही एलईडी बंद असेल तर त्याचे पाय उलटे जोडून बघा.

पात्यांची लांबी १० ते १२ सेंटिमीटर, कोन फिरण्याच्या प्रतलाशी १० ते २० अंश. मुलं बहुतेक ४५ अंशांवरच ठेवतात. पंखा चटकन सुरू होतो, पण वेग धरत नाही. पातं एका बाजूला जड झालं तर मोटर थरथरते आणि बूच दांड्यावरून सटकतं.

उघड्या टोकांवरचं व्होल्टेज फक्त फिरण्याचा वेग सांगतं. पॉवर हवी तर १० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि त्यावरचं व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्ट आले तर वर्ग करून दहाने भागा: ०.००४ वॅट. घरातल्या ९ वॅटच्या बल्बला असे किती पंखे लागतील, हे मुलांना करू द्या. उत्तर २२५० येतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली पॉवर आठपट होते, हे सांगायची हीच वेळ. पवनचक्क्या पठारावर आणि उंच खांबांवर का असतात ते तेव्हा पटतं. गोव्यात त्यांचे मोठे प्रकल्प नाहीत. रांगा पाहायच्या तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला जावं लागतं.

समुद्रावरून येणारा वारा दुपारी जोर धरतो आणि आपल्या बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात. म्हणून दाराला रिबन बांधून चार वाजताची दिशा टिपणं हा गृहपाठ द्या. मिठागरं जवळ असतील तर मार्च-एप्रिलमध्ये तिथे न्या. तिथे ऊन आणि वारा दोघं मिळून पाणी आटवतात, वीज न करताही काम करतात.

संच ठेवताना दमट खाऱ्या हवेचा विचार करा. क्लिपांच्या तोंडावर हिरवट थर चढला की करंट कमी दिसतो. बारीक पॉलिश पेपरने घासा. संच झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि मीटरची बॅटरी सुट्टीत काढून ठेवा. तासाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मीटर नव्या सेलवर तपासा. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर वाढीव आकडे दाखवतो, आणि मुलं तेच खरे मानून वहीत उतरवतात.