कन्नडच्या डोंगरात वाट सोडून फिरायचं तर

डिसेंबर-जानेवारीत गवत वाळतं, झाडोरा विरळ होतो आणि पावसाळ्यात दहा फुटांवरचं न दिसणाऱ्या रानात लांबवर नजर जाते. आडवाटेनं फिरायला हेच दिवस बरे.

आधी परवानगी. कन्नड आणि चाळीसगावच्या मधलं गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. नाक्यावर नोंद करा. पायवाट सोडायची असेल तर वनविभागाला तसं सांगून परवानगी घ्या आणि वाटाड्या सोबत घ्या. ती मिळाली नाही तर हद्दीबाहेरचा डोंगर निवडा आणि तिथल्या गुराख्याला विचारूनच चढा.

मळलेल्या वाटेवर तासाला तीन किलोमीटर सहज होतात, झुडपात एकसुद्धा अवघड. म्हणून जाऊन-येऊन सहा किलोमीटरची चाल ठरवली तर त्यातलं आडरान दीडच्या वर नको. तीन-चार जण असावेत. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण ओढ्यातली उरलेली डबकी पिण्याजोगी नसतात. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दिवसभर टिकतात. चूल पेटवायची नाही, विडी-सिगारेटही नाही. वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते उतरताना. हा डोंगर काळ्या पाषाणाच्या आडव्या थरांचा आहे, जिन्यासारखा. वाट हरवली की माणूस ओढ्याच्या कडेनं खाली निघतो, कारण पाणी गावाकडेच जाणार असं वाटतं. पण ओढा एका थरावरून दुसऱ्यावर उडी घेतो, आणि आपण कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी येऊन अडकतो. मागे चढावं तर मुरूम पायाखालून सरकतो. म्हणून ओढ्यात उतरू नका, सोंडेवरूनच, म्हणजे डोंगराच्या खाली गेलेल्या धारेवरूनच उतरा. गुरांच्या वाटांवरही भिस्त नको, त्या आडव्या जात जात कड्यापाशी विरतात. चाळीसगावच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, पठार एकदम तुटतं आणि गवतात ती कड दिसत नाही. तिकडे शेवटची वीस पावलं काठीनं चाचपत टाका.

वाट सोडली तिथं दगडांची रास रचा आणि मोबाइलमध्ये खूण टाका. नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असावा, रेंज मिळेलच असं नाही. दर दहा मिनिटांनी मागे वळून बघा. परतताना तोच डोंगर उलटा दिसतो आणि ओळखू येत नाही. परतताना रास मोडून टाका, नाहीतर पुढचा माणूस फसेल.

खाजकुयलीच्या तपकिरी, लोकरीसारख्या शेंगांखालून जाऊ नका. कुसं लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. गवताची कुसळं मोज्यात शिरतात, तेव्हा पायजमा मोज्यात खोचण्यापेक्षा वरून गुळगुळीत कापडाची पट्टी गुंडाळा. उन्हाला आलेलं फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, दगडाच्या रंगात मिसळून जातं, म्हणून न बघता दगडावर हात टेकू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. कपारीवर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून वळा. दाट झाडी आणि गुहांपाशी मात्र मोठ्यानं बोलत चला; इथं अस्वलं आहेत, त्यांना दचकवणं वाईट.

डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि खोऱ्यात त्याच्याही आधी अंधारतं. दोन वाजता, कुठेही असा, परत फिरा. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेशी गोचिड्या बघा.